ग्रंथांतले विषारी साप: नागपंचमीच्या भित्तिफलकांच्या कामाच्या नोंदी

१८ मे २०२५

विषय पक्का झाला. येत्या नागपंचमीला, म्हणजे २९ जुलैला, वाचनालयाच्या लांब भिंतीवर फलक लावायचे: वेद आणि महाभारतात आलेली विषारी सापांची नावे, त्या नावांचे अर्थ, आणि आज आपल्या शेतात दिसणाऱ्या सापांशी त्यांचे नाते. जिवंत साप आणायचा नाही, टोपलीतलाही नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते चालत नाही, आणि सापाच्या दृष्टीनेही ते वाईटच. दुसऱ्या गावात कुणाला असेच फलक करायचे असतील तर त्यांचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून या नोंदी ठेवतो आहे.

पहिला निर्णय पुराणांतल्या नागांच्या मोठ्या याद्या वगळण्याचा. शेष, वासुकी, तक्षक हे नाग म्हणजे व्यक्ती आहेत. त्यांना आईबाप आहेत, कुळे आहेत, शाप आहेत. अथर्ववेदातली असित, पृदाकू, स्वज ही नावे मात्र गवतात, बांधावर, पायाखाली भेटणाऱ्या सापांची आहेत. हे दोन्ही एकाच भिंतीवर सरमिसळ लावले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. म्हणून डाव्या हाताला साप, उजव्या हाताला नाग, आणि दोन्हींना जोडणारा एक फलक मध्ये.

२४ मे

डाव्या बाजूची सुरुवात अथर्ववेदातल्या ३.२७ या सूक्ताने. सहा दिशा, प्रत्येक दिशेचा एक अधिपती आणि एक रक्षक, आणि सहाही रक्षक साप. पूर्वेला असित, दक्षिणेला तिरश्चिराजी, पश्चिमेला पृदाकू, उत्तरेला स्वज, खाली कल्माषग्रीव, वर श्वित्र. मराठवाड्यात आर्यसमाजी घरांतून हे मंत्र संध्येत म्हटले जातात. म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना ही सापांची नावे आहेत हे ठाऊक असेल, हा विचार मनात आला आणि फलकाला जोर आला.

अर्थ असे बसवले. असित: पांढरा नव्हे तो, काळा. तिरश्चिराजी: अंगावर आडव्या रेघा असलेला. कल्माषग्रीव: ठिपक्यांच्या मानेचा. श्वित्र: पांढुरका. ही चारही नावे पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी ठेवलेली आहेत. जवळ न जाता, लांबून जे दिसेल तेवढेच नावात आहे.

पृदाकूची व्युत्पत्ती पटेल अशी लागत नाही. फलकावर फक्त १.२७ मधला उल्लेख घेतला: कात टाकून निघालेल्या एकवीस पृदाकू. ‘त्रिषप्ताः’, तीन वेळा सात. स्वज म्हणजे ‘आपणच जन्मलेला’ असा अर्थ सहसा देतात. ऐतरेय ब्राह्मणात (३.२६) त्याची वेगळी जन्मकथा आहे. गायत्री सोम घेऊन निघाली तेव्हा कृशानूने तिच्यावर बाण सोडला. बाणाच्या टोकातून न चावणारा साप झाला, त्याच्या वेगातून स्वज झाला, दांड्यातून आंधळा साप झाला. न चावणारा, झपाट्याचा आणि आंधळा असे तीन साप त्या लोकांनी वेगवेगळे ओळखले होते. आंधळा साप म्हणजे आपला वाळा, असे मला वाटते. ही कथा पूर्ण घेतली.

३१ मे

आठवडा संदर्भांच्या आकड्यांत गेला. हे आधी माहीत असते तर वाचला असता, म्हणून सविस्तर लिहितो.

अथर्ववेदाच्या सातव्या कांडात विष उतरवण्याचे एक सूक्त आहे. तिरश्चिराजी, असित, पृदाकू आणि कंकपर्वन् या चौघांचे विष या वनस्पतीने नाहीसे केले, असे त्यात म्हटले आहे. एका आवृत्तीत हे ५६ वे सूक्त, दुसरीत ५८ वे. महाभारताच्या आदिपर्वात तोच प्रकार. सापांच्या नावांची पहिली मोठी यादी भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत अध्याय ३१ मध्ये आहे, प्रचलित पोथीत ३५ मध्ये. सर्पसत्रात जळालेल्या सापांची यादी तिकडे ५२ तर इकडे ५७. सूचीतून आकडा उचलावा आणि पान उघडावे तर तिथे भलतीच कथा.

उपाय एकच: प्रत्येक ग्रंथाची एकच आवृत्ती धरायची, ती पहिल्या फलकावर नमूद करायची, आणि नुसता आकडा न देता श्लोकाचा पहिला चरणही द्यायचा. चरण दिला की कुठल्याही आवृत्तीत जागा सापडते. महाभारतासाठी पुण्याची चिकित्सक आवृत्ती धरली. तिचे आदिपर्व १९३३ साली सुखठणकरांच्या संपादनाखाली पूर्ण झाले.

७ जून

पहिला आराखडा मोडीत काढला. कल्पना अशी होती की प्रत्येक प्राचीन नावासमोर आजच्या सापाचा फोटो लावायचा. असित तर नाग, तिरश्चिराजी तर मण्यार, स्वज तर घोणस, आणि असेच पुढे. दिसायला फार छान झाले असते.

तपासायला तालुक्यातल्या एका अनुभवी सर्पमित्र काकांना बोलावले. त्यांनी एकेका फोटोवर बोट ठेवून विचारले, “हे कशावरून?” तिरश्चिराजीला उत्तर होते: काळ्याभोर अंगावर पांढऱ्या आडव्या रेघा, ग्रंथातले वर्णन आणि साप दोन्ही जुळतात. असितला अर्धे उत्तर होते. स्वजला मी म्हणालो की घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते, म्हणून ‘आपणच जन्मलेला’. काका म्हणाले, “फुरसंही पिल्लंच देतं. मग ते का नाही?”

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. फोटो काढून टाकले आणि त्याजागी खात्रीच्या पातळीची चौकट आली. प्रत्येक नावाखाली तीनांपैकी एक शब्द: पक्के, बहुधा, ठरत नाही. ‘पक्के’ फक्त तिथे, जिथे नावाचा अर्थ, ग्रंथातले वर्णन आणि आजचा साप तिन्ही जुळतात. नवे फलक करणाऱ्यांना माझा आग्रह आहे की ही चौकट पहिल्या दिवशीच घाला. एखादे नाव चुकीच्या सापाला चिकटवून भिंतीवर लावले की लोक ते वर्षानुवर्षे खरे मानतात.

१४ जून

आता किल्ली मिळाली. सुश्रुतसंहिता हा धर्मग्रंथ नव्हे, वैद्यकाचा ग्रंथ. पण वेदातल्या नावांना अंग, चाल आणि वेळ तोच देतो. कल्पस्थानाच्या चौथ्या अध्यायात एकूण ऐंशी साप आहेत: दर्वीकर २६, मंडली २२, राजिमंत १०, निर्विष १२, वैकरंज म्हणजे संकरज ३ आणि त्यांच्यापासून झालेले ७. बेरीज चोख ऐंशी.

दर्वी म्हणजे पळी. पळीसारखा फणा काढणारे ते दर्वीकर: फणाधारी, चपळ, फण्यावर चाक, नांगर, छत्र, स्वस्तिक, अंकुश अशी चिन्हे असलेले. आपल्याकडे त्याच चिन्हाला दहाचा आकडा म्हणतात. मंडली म्हणजे अंगावर वर्तुळे असलेले, जाड, संथ. राजिमंत म्हणजे रेघांचे: गुळगुळीत, चकचकीत, आडव्या-उभ्या रेघांनी रंगवल्यासारखे. नाग, घोणस आणि मण्यार हे तिघे या तीन वर्णनांत सहज बसतात.

मला सर्वांत मोलाची वाटली ती वेळेची नोंद. दिवसा दर्वीकर, रात्रीच्या शेवटच्या प्रहरी राजिमंत, उरलेल्या रात्री मंडली फिरतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार रात्री चावते, दुखत फारसे नाही, आणि पहाटेपर्यंत पापण्या मिटू लागतात, हे खेड्यापाड्यांतले डॉक्टर आजही सांगतात. राजिमंताच्या विषाची लक्षणे सुश्रुत देतो त्यांत दाट कफ गळणे, घशात घुरघुर आणि श्वास कोंडणे आहे. मंडलीच्या विषात आग, सूज आणि वरून-खालून रक्त जाणे आहे, जे घोणसच्या दंशात दिसते. ही दोन वाक्ये सर्वांत मोठ्या टाइपात घ्यायची ठरवली.

२२ जून

या कामातला सर्वांत अवघड तिढा आज आला. त्यात बरेच दिवस जातील असे दिसते.

सुश्रुताच्या हिशेबाने राजिमंत विषारी. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात मात्र ‘समौ राजिलडुण्डुभौ’ असे आहे, म्हणजे राजिल (रेघांचा साप) आणि डुंडुभ एकच. आणि डुंडुभ तर बिनविषारी! महाभारतात रुरूची गोष्ट आहे. त्याच्या नियोजित वधूला, प्रमद्वरेला, साप चावल्यापासून तो दिसेल तो साप ठेचत सुटतो. एका म्हाताऱ्या डुंडुभावर त्याने काठी उगारली तेव्हा तो म्हणतो की मी तुझे काही बिघडवलेले नाही, नुसत्या सापाच्या वासावरून डुंडुभांना मारू नकोस. तो डुंडुभ म्हणजे सहस्रपात् नावाचा शापित ऋषी. आणि शाप कशाबद्दल? मित्राला गवताचा खोटा साप दाखवून घाबरवल्याबद्दल. कालिदासही रघुवंशात विचारतो की मोठमोठ्या सापांवर झेपावणारा गरुड राजिलांच्या मागे कशाला लागेल? म्हणजे त्याच्या लेखी राजिल क्षुल्लकच.

एका ग्रंथात रेघांचा साप प्राणघातक, दुसऱ्यात निरुपद्रवी. फलकावर दोन्ही तसेच लावले, तर एखादे पोर घरी जाऊन म्हणेल, ‘रेघांचा साप चावत नाही, अमरकोशात लिहिलंय.’

माझा तर्क असा. हा गोंधळ शब्दांचा कमी आणि डोळ्यांचा जास्त आहे. आजही मण्यार आणि कवड्या यांत लोकांची गल्लत होते. दोघे रात्री निघतात, दोघांच्या अंगावर आडवे पट्टे, दोघे घरात शिरतात. कवड्या बिनविषारी, मण्यार जीवघेणी. मण्यारीचे पट्टे डोक्यापासून थोडे मागे सुरू होतात, शेपटीकडे जास्त ठळक असतात आणि बहुतेक जोडीजोडीने येतात. कवड्याचे मानेजवळच सुरू होतात आणि शेपटीकडे फिकट होत जातात. ज्यांना कवड्याच जास्त भेटला त्यांनी रेघांच्या सापाला निर्विष म्हटले असेल, ज्यांनी मण्यारीचे रोगी पाहिले त्यांनी सविष. सुश्रुत वैद्य होता, त्याच्यापुढे रोगी येत होते. हा तर्क आहे आणि फलकावरही तो तर्क म्हणूनच जाणार.

फलकाची मांडणी त्यामुळे उलटी केली. आधी मोठ्या अक्षरात: ‘रेघांचा साप दिसला तर तो मण्यारच समजा. चावला तर दुखत नसले तरी लगेच सरकारी दवाखान्यात.’ त्याखाली दोन्ही ग्रंथांची मते, सर्वांत खाली दोन सापांची रेखाचित्रे. काकांना दाखवले. ते म्हणाले, “आता बरोबर आहे. पहिलं वाक्य अजून मोठं करा.” केले.

२९ जून

घोणस. सुश्रुताच्या मंडलींत ‘गोनस’ आहे, ‘वृद्धगोनस’ही आहे. गोनस म्हणजे गाईच्या नाकाचा, असा अर्थ लावतात. तेच नाव घासून-पुसून आपल्या घोणसापर्यंत आले. या भिंतीवर माझ्या हिशेबाने ‘पक्के’ची सर्वांत भक्कम खूण हीच आहे. इथे फक्त वर्णनच नाही तर नावसुद्धा बोलीत जिवंत आहे.

अमरकोशात गोनस आणि अजगर एकापाठोपाठ येतात. आजही घोणसच्या पिल्लाला अजगराचे पिल्लू समजून हातात घेणारे असतात. त्यातून ‘दुरक्या घोणस’ नावाचा एक बिनविषारी सापही आपल्याकडे आहे, तेव्हा नुसते ‘घोणस’ म्हणून भागत नाही. तिघांची रेखाचित्रे शेजारीशेजारी घेतली. घोणसच्या पाठीवर साखळीसारख्या तीन ओळी, डोके त्रिकोणी, आणि चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा लांब फुत्कार.

६ जुलै

उजवी बाजू लवकर झाली. घराघरांत म्हटला जाणारा नवनागांचा श्लोक सगळ्यांना पाठ असतो: अनंत, वासुकी, शेष, पद्मनाभ, कंबल, शंखपाल, धृतराष्ट्र, तक्षक, कालिय. शेष म्हणजे उरलेला. तक्षक म्हणजे तासणारा, सुतार. कर्कोटक या श्लोकात नाही, पण नलाला चावून त्याचे रूप पालटणारा म्हणून त्याला जागा दिली. हेच नाव संस्कृतात एका वेलीचेही आहे, आणि तिचे फळ म्हणजे श्रावणात बाजारात येणारी आपली करटोली.

यात मला नवे सापडले ते असे: शंखपाल, पद्म आणि महापद्म ही नावे सुश्रुताच्या दर्वीकरांच्या यादीतही आहेत. म्हणजे पूजेतल्या काही नागांची नावे आणि वैद्याने मोजलेल्या फणाधारी सापांची नावे एकच. फण्यावरच्या चिन्हावरून ती पडली असावीत. चौकटीत ‘बहुधा’.

मधला जोडफलक अथर्ववेदाच्या ८.१० वर. विराज् ही गाय. सापांनी तिला दोहले तेव्हा तक्षक वैशालेय वासरू झाला, भोपळ्याचे भांडे होते, धृतराष्ट्र ऐरावताने धार काढली आणि निघाले विष. महाभारतातल्या तीन नागांची नावे इथे एकत्र येतात. शेतकऱ्याच्या घरातला माणूस ही गोष्ट एकदा ऐकली की विसरणार नाही.

५.१३ मधल्या तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला या नावांना मात्र छोटीच पट्टी. टिळकांनी १९१७ मध्ये भांडारकर गौरवग्रंथातल्या लेखात तैमातचा संबंध बाबिलोनच्या तियामतशी जोडला होता, आणि त्यावर विद्वानांत एकमत नाही. एवढेच लिहून थांबलो. या विषयात शिरले की बाकीची भिंत रिकामी राहील.

१२ जुलै

छपाईवाल्याकडे युनिकोडमधला मजकूर दिला. त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये तो चिकटवताच सगळी जोडाक्षरे फुटली. ‘तिरश्चिराजी’तला श्च वेगळा, ‘पृदाकू’तला ऋकार गायब, वेदातली स्वरचिन्हे चौकोन झालेली. पुन्हा टाइप करून देतो म्हणाले, पण संस्कृत नावे दुसऱ्याने टाइप करणे धोक्याचे.

शेवटी जमले ते असे: मजकूर घरीच फलकाच्या मापात मांडला, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ केली, आणि दुकानात ती उघडून सगळी अक्षरे ‘कर्व्ह’ करून घेतली. अक्षरांचे चित्र झाले की फॉन्टचा प्रश्नच उरत नाही. मात्र त्यानंतर एकही अक्षर दुरुस्त करता येत नाही, म्हणून कर्व्ह करण्याआधी दोघांनी मोठ्याने वाचून मुद्रितशोधन करावे. स्वरचिन्हे काढून टाकली.

१९ जुलै

खर्च. दोन बाय तीन फुटांचे नऊ फलक. फ्लेक्सवर प्रत्येकी साधारण ₹७५ पडले असते, सनबोर्डवर ₹४२० पडले. सनबोर्ड घेतला, एकूण ₹३,७८०. पावसाळ्यात फ्लेक्स ओलसर भिंतीवर वळतो आणि वाचणे जड जाते. रेखाचित्रे कलाशिक्षिका ताईंनी काढून दिली, त्यांनी मानधन घेतले नाही, रंग-कागद ₹६००. छायाचित्रे टाळल्याने हक्कांचा प्रश्न आला नाही. वर दुहेरी टेप आणि खिळे ₹२१०.

टेपवर विसंबू नका. ओल आलेल्या भिंतीवर दोन फलक एका रात्रीत खाली आले आणि एकाचा कोपरा दबला. आता सगळे खिळ्यांवर आहेत.

२९ जुलै

गर्दी चांगली झाली. आधी नऊ नागांच्या फलकापुढे, नंतर रेघांच्या सापापुढे. लोक आपापल्या भागातली नावे सांगत होते. दिवडीला कुणी विरोळा म्हणाले, विदर्भातून इथे बदलून आलेले एक शिक्षक ढोंड्या म्हणाले. ही नावे लिहायला शेजारी कोरा कागद आणि पेन लटकवले. पुढच्या वेळी तो कागद पहिल्यापासून हवा.

दुपारी रत्नागिरीकडच्या एक आजी सगळी भिंत वाचून माझ्याकडे आल्या. “आमच्याकडं फुरसं फार. ते कुठं लावलंय?”

कुठेच लावलेले नव्हते. नाग, मण्यार, घोणस यांना ग्रंथातले नाव मिळाले म्हणून त्यांना भिंत मिळाली. फुरशाला एकही प्राचीन नाव पक्के चिकटत नाही, म्हणून ते राहिले. पण आपल्याकडच्या चार मोठ्या विषारी सापांत ते आहे. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लसही या चौघांच्या विषावर मिळून बनवलेली असते.

३ ऑगस्ट

दहावा फलक केला: फुरसे. वर ग्रंथातल्या नावाची जागा मोकळी सोडली, चौकटीत ‘ठरत नाही’. खाली वर्णन: वीतभर ते हातभर लांब, डोक्यावर बाणासारखी खूण, अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करणारे, दगडाखाली आणि पालापाचोळ्यात दडणारे. आकाराने लहान म्हणून दुर्लक्ष करू नका, हे ठळक. खर्च आणखी ₹४२०.

तो घोणस आणि मण्यारीच्या मधोमध लावला. पीडीएफची नवी प्रत वाचनालयात ठेवली आहे, ज्यांना आपल्या गावासाठी हवी त्यांनी न्यावी. फक्त दवाखान्याचे नाव आणि तिथल्या सर्पमित्राचा क्रमांक प्रत्येकाने आपापल्या तालुक्याचा भरावा. ती जागा प्रत्येक फलकाच्या तळाशी कोरी ठेवली आहे.